नदी-तळ्यांचे तपमान आणि पोहणारा

दरवर्षी २४ जूनला गोव्यात सांजांवचा सण येतो. मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो, विहिरींची पातळी चढू लागलेली असते आणि डोक्यावर फुलापानांचे कोपेल घातलेले तरुण गात-वाजत विहिरींत व तळ्यांत उड्या घेतात. पहिली उडी घेणारा वर येताच काठावरून एकच प्रश्न विचारला जातो, "पाणी कसं आहे?" कोणी सांगतो गार आहे, कोणी सांगतो चांगले ऊबदार आहे. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. पावसात भिजून कुडकुडत आलेल्याला विहिरीचे पाणी ऊबदार लागते आणि नाचून घामाघूम झालेल्याला तेच पाणी गार लागते.

शाळेतील एक जुना प्रयोग या संदर्भात आठवण्याजोगा आहे. तीन भांड्यांत अनुक्रमे ऊन, कोमट व थंड पाणी घ्यावे. एक हात ऊन पाण्यात व दुसरा थंड पाण्यात थोडा वेळ ठेवून मग दोन्ही हात कोमट पाण्यात बुडवावेत. एका हाताला ते पाणी थंड वाटते, तर दुसऱ्याला ऊन. तात्पर्य, मनुष्याची त्वचा ही तापमापक नव्हे. तिला केवळ फरक कळतो, अंश कळत नाहीत. म्हणूनच नदी, तळे किंवा जलाशय यांत पोहण्यासाठी उतरायचे असेल, तर पाण्याचे तपमान हवेवरून किंवा अंगाच्या जाणिवेवरून न ठरवता ते पाण्यातच मोजले पाहिजे.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्याच्या प्रारंभी बंद पडलेल्या चिरेखाणींत, ओहोळांच्या डोहांत व धबधब्यांखाली मुले आणि तरुण बुडाल्याच्या वार्ता येतात. अशा ठिकाणी पोहण्यास गोव्यात प्रशासनाला वेळोवेळी बंदी घालावी लागली आहे. या दुर्घटनांचे पहिले कारण पाण्याचा गारवा हे नव्हे. पोहता न येणे, खोलीचा अंदाज नसणे, उभे व निसरडे काठ, ही मुख्य कारणे होत. तथापि उन्हाने तापलेले शरीर एकाएकी गार पाण्यात गेले असता काय होते, याची कल्पना नसल्यामुळे चांगला पोहणाराही संकटात सापडू शकतो. ही कल्पना देणे, हा तपमानाच्या नोंदीचा पहिला हेतू आहे.

विहिरीचे पाणी थंडीत ऊन का लागते?

पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. एक लिटर पाण्याचे तपमान एक अंशाने वाढविण्यासाठी जेवढी उष्णता लागते, ती तेवढ्याच आकारमानाच्या हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या सुमारे साडेतीन हजार पट असते. त्यामुळे दिवसा हवा झपाट्याने तापली, तरी मोठा जलाशय तिच्या कितीतरी मागे राहतो. उलट उथळ ओढ्याचे पाणी दुपारी तापते आणि पहाटेपर्यंत निवून जाते.

विहिरीची गोष्ट याहून निराळी आहे. जमिनीखाली काही मीटर खोलीवर ऋतूंचा परिणाम फारसा पोहोचत नाही. तेथील पाण्याचे तपमान त्या प्रदेशातील हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिर असते. इंदूरसारख्या ठिकाणी ही सरासरी सुमारे २५ अंश सेल्सिअस आहे. तेथे जानेवारीच्या पहाटे हवा १० अंशांपर्यंत उतरते, तेव्हा विहिरीतून शेंदलेले पाणी ऊन लागते. मे महिन्याच्या दुपारी हवा ४० अंशांवर जाते, तेव्हा त्याच विहिरीचे पाणी गारेगार वाटते. पाणी फारसे बदललेले नसते. बदललेली असते ती हवा.

याच्या नेमकी उलट स्थिती हिमालयातील नद्यांची. चारधाम यात्रेस जाणाऱ्या भाविकांना तिचा अनुभव असतो. मे-जून महिन्यांत डोक्यावर कडक ऊन असते; परंतु अलकनंदेत व भागीरथीत वितळलेल्या हिमाचे पाणी वाहत असते. घाटावरील उष्म्यावरून त्या पाण्याचा अंदाज बांधणारा यात्रेकरू पहिल्या बुडीतच दचकतो. हवा आणि पाणी ही दोन निराळी खाती असून एकाची शिल्लक पाहून दुसऱ्याचा हिशेब करता येत नाही.

एका तळ्यात दोन थर

खोल व संथ पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सूर्याची बहुतेक उष्णता पाण्याच्या वरच्या थरातच शोषली जाते. तापलेले पाणी हलके होऊन वरच तरंगत राहते आणि थंड, जड पाणी खाली राहते. वारा असेल तर वरचे पाणी काही खोलीपर्यंत घुसळले जाते. परंतु त्याखाली एका पातळ पट्ट्यात तपमान झपाट्याने उतरते. पृष्ठभागावर आरामात पोहणाऱ्याने खाली सूर मारला, की या पट्ट्याची ओळख पायांना आणि छातीला एकदम होते.

आपल्याकडील उष्ण प्रदेशात वरच्या व खालच्या थरांत फार मोठा फरक नसतो, म्हणून असे थर टिकत नसावेत, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पाणी ४ अंशांवरून ५ अंशांवर गेले तर त्याची घनता नाममात्र कमी होते. तेच पाणी २९ अंशांवरून ३० अंशांवर गेले, तर ही घट तिसांहून अधिक पट असते. म्हणजे ऊबदार पाण्यात दोन-तीन अंशांचा फरकही थर वेगळे ठेवण्यास पुरेसा ठरतो.

जांभा दगडाचे चिरे काढून झाल्यावर मागे राहिलेल्या खाणी पावसाच्या पाण्याने भरतात. त्यांच्या भिंती उभ्या असल्यामुळे आत वारा फारसा लागत नाही आणि पाणी घुसळले जात नाही. गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर शिरत नाही. परिणामी वरचा हातभर थर ऊन आणि त्याखालचे पाणी गार, अशी स्थिती तेथे सहज निर्माण होऊ शकते. काठावर बसून पाय बुडवून पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

बर्नची आरे नदी

पाण्याच्या तपमानाची नोंद लोकांच्या रोजच्या व्यवहारात कशी उतरते, याचे उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडच्या राजधानीत पाहावयास मिळते. बर्न नगराला वळसा घालून आरे नावाची नदी वाहते. आल्प्स पर्वतातील हिमनद्यांत उगम पावून ब्रिएन्झ आणि थून या दोन सरोवरांतून ती बर्नला येते. उन्हाळ्यात शहरातील आबालवृद्ध या नदीत उतरतात, प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि काठावर बसविलेल्या कठड्यांना धरून बाहेर पडतात. नदीकाठचे मार्झिली हे स्नानस्थळ सर्वांना विनामूल्य खुले आहे.

या नदीवर बर्नमध्येच शासनाचे जलमापन केंद्र आहे. तेथे पाण्याची पातळी, प्रवाह आणि तपमान यांची स्वयंचलित उपकरणांनी सतत नोंद होते आणि ती जनतेला तत्काळ उपलब्ध करून दिली जाते. उन्हाळ्यात आरेचे आजचे तपमान हा बर्नवासीयांच्या बोलण्यातला नित्याचा विषय असतो. पाणी साधारणतः १८ ते २२ अंशांच्या दरम्यान असेल, तर नदी माणसांनी फुलून जाते.

या नोंदींतून एक मार्मिक गोष्ट दिसून येते. कधी कधी कडक उन्हातही आरेचे पाणी एकाएकी काही अंशांनी गार होते. याचे कारण बर्नमध्ये नसून वर थून सरोवरात असते. नदीला पाणी मिळते ते या सरोवराच्या वरच्या थरातून. जोराचा वारा सुटून त्याने वरचे ऊबदार पाणी सरोवराच्या दुसऱ्या टोकाकडे लोटले, की नदीच्या मुखापाशी खालचे थंड पाणी वर येते आणि तेच पुढे बर्नला पोहोचते. कालची नोंद आज उपयोगी पडेलच असे नाही, हा त्यातील बोध. धरणाखालच्या आपल्या नद्यांनाही तो लागू पडतो. धरणाच्या खोल भागातून सोडलेले पाणी उन्हाळ्यात पृष्ठभागावरील पाण्यापेक्षा गार असते. ते केव्हा सोडले जाईल, हे घाटावरील हवेवरून सांगता येत नाही.

शरीरावर होणारे परिणाम

पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. २० अंशांची हवा अंगाला सुखद वाटते, पण २० अंशांच्या पाण्यात नवख्या माणसाला फार वेळ राहवत नाही, याचे कारण हेच.

थंड पाण्यात एकदम शिरल्यावर पहिला धोका शरीर गारठण्याचा नसतो, तर श्वासाचा असतो. त्वचा झटक्यात गार होताच मनुष्य नकळत मोठा श्वास आत ओढतो, त्यानंतर श्वास जलद व अनियमित होतो, नाडी आणि रक्तदाब वाढतात. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणीच छातीत जाते. इंग्लंडमधील पोर्टस्मथ विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांनी या प्रतिक्रियेचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. पाणी २५ अंशांखाली गेले की ती सौम्य स्वरूपात सुरू होते आणि १० ते १५ अंशांच्या पाण्यात सर्वांत तीव्र असते. मात्र दोन-तीन मिनिटांत ती ओसरते. म्हणूनच ब्रिटनमधील जीवरक्षक नौकासंस्थेचा संदेश असा आहे की, अकस्मात थंड पाण्यात पडल्यास हातपाय मारून धडपडू नये. उताणे होऊन तरंगत राहावे, श्वास ताळ्यावर येऊ द्यावा आणि मगच पोहावे किंवा मदतीसाठी हाक मारावी.

आपल्या मैदानी व किनारी भागांत पाणी इतके थंड क्वचितच असते. येथे दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, ती म्हणजे अति ऊबदार पाण्याची. जमिनीवर श्रम करताना घाम वाळून शरीर निवते. पाण्यात घाम वाळत नाही. त्यामुळे तिसाच्या वरच्या पाण्यात बराच वेळ जोराने पोहणाऱ्याच्या शरीरातील उष्णता बाहेर पडण्यास वाव उरत नाही. भोवळ, गोंधळलेपण व थकवा ही त्याची लक्षणे होत. आणि आपण पाण्यात आहोत, म्हणजे गारव्यातच आहोत, या समजुतीमुळे ती पोहणाऱ्याच्या ध्यानात येत नाहीत. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे ऊबदार समुद्रात झालेल्या दहा किलोमीटरच्या स्पर्धेत फ्रॅन क्रिपन हा २६ वर्षांचा नामवंत अमेरिकन जलतरणपटू मृत्युमुखी पडला. त्या घटनेनंतर स्पर्धांतील पाण्याच्या कमाल तपमानाचा प्रश्न जगभर गांभीर्याने घेतला गेला. खुल्या पाण्यातील आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पाणी १६ अंशांपेक्षा थंड आणि ३१ अंशांपेक्षा ऊन असू नये, असा नियम आहे. टोकिओ ऑलिंपिकमधील महिलांची दहा किलोमीटर जलतरण स्पर्धा ४ ऑगस्ट २०२१ रोजी सकाळी साडेसहा वाजताच सुरू करण्यात आली, ती उष्म्याचा त्रास टाळण्यासाठीच.

ऊबदार व साचलेल्या गोड्या पाण्याशी आणखी एक धोका निगडित आहे. अशा पाण्यात मेंदूला घातक असा एक अतिसूक्ष्म अमीबा वाढू शकतो आणि तो नाकावाटे शरीरात शिरतो. हा रोग अत्यंत दुर्मीळ, परंतु बहुधा प्राणघातक आहे. केरळमध्ये २०२४ व २०२५ या वर्षांत अशा मेंदूज्वराचे रुग्ण आढळले होते. दूषित पाणी पिण्याने हा रोग होत नाही; नाकात पाणी जाणे, हा त्याचा मार्ग आहे. यास्तव उन्हाळ्यात ऊन झालेल्या साचलेल्या डबक्यात किंवा तळ्यात सूर मारणे व तळाचा गाळ ढवळणे टाळणेच श्रेयस्कर होय.

मोजावे कसे?

हे काम अवघड नाही आणि खर्चाचेही नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील लाल द्रवाचा, ० ते ५० अंशांचा तापमापक त्यासाठी पुरेसा आहे. पाऱ्याचा तापमापक वापरू नये. तो फुटल्यास विषारी पारा पाण्यात जातो. आरंभी तापमापकाची परीक्षा घ्यावी. एका पेल्यात कुटलेला बर्फ व थोडे पाणी एकत्र करून त्यात तो काही मिनिटे ठेवावा. त्याने शून्य अंश दाखविले पाहिजे. अर्ध्या-एक अंशाचा फरक आढळल्यास तो वहीत लिहून ठेवावा आणि प्रत्येक वाचनात तेवढी दुरुस्ती करावी.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनुसार पाण्याचे तपमान ४० सेंटिमीटर खोलीवर मोजतात. तेवढीच खोली गावातील नोंदीसाठीही ठरवून घ्यावी, म्हणजे एका दिवसाची दुसऱ्याशी तुलना करता येईल. काठालगतचे उथळ पाणी लवकर तापते, म्हणून घाटाच्या शेवटच्या सुरक्षित पायरीवरून किंवा पुलावरून दोरीने तापमापक सोडावा. तो दोन-तीन मिनिटे पाण्यात राहू द्यावा, वर ओढताच सावलीत धरून ताबडतोब वाचावा. ओला तापमापक वाऱ्यात धरल्यास तो निवून आकडा खाली जातो.

खोल थराचे तपमान मोजण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. जाड काचेच्या बाटलीला खाली दगड बांधावा, तोंडाला बूच बसवून बुचाला वेगळी दोरी लावावी. बाटली हव्या त्या खोलीवर पोहोचली की बुचाच्या दोरीला हिसका द्यावा. तेथील पाणी बाटलीत भरते. थोडा वेळ थांबून बाटली भराभर वर घ्यावी आणि आत तापमापक घालून वाचन करावे. दोरीवर प्रत्येक मीटरला गाठ मारून ठेवल्यास खोलीही कळते.

नोंद दिवसातून दोन वेळा, उदाहरणार्थ सकाळी सात व दुपारी तीन वाजता घ्यावी. वहीत दिनांक, वेळ, जागा, खोली, पाण्याचे तपमान, हवेचे तपमान, ऊन किंवा ढग, वारा, आदल्या दिवशीचा पाऊस आणि पाण्याची पातळी हे रकाने असावेत. हे काम नेहमी दोघांनी मिळून करावे आणि विद्यार्थी असतील तर शिक्षकांनी सोबत असावे. चिरेखाणींवर मुलांना या कामासाठी कदापि पाठवू नये. गावाचे तळे, देवळाची पुष्करणी किंवा नदीचा बांधीव घाट, हीच या अभ्यासाची योग्य ठिकाणे होत.

नोंदवहीचे आणखी उपयोग

केंद्रीय जल आयोग नद्यांवरील आपल्या केंद्रांवर पाण्याच्या गुणवत्तेबरोबर तपमानाचीही नोंद घेत असतो. परंतु गावचे तळे त्या जाळ्यात येत नाही. तेथील वही गावालाच ठेवावी लागते. ती एक-दोन वर्षे नेमाने चालली, तर कोणत्या महिन्यात पाणी पोहण्यास योग्य असते, पहिल्या पावसानंतर ते किती उतरते, तळे भरल्यावर आणि आटल्यावर काय फरक पडतो, हे सारे गावाला स्वतःच्या आकड्यांतून कळू लागते.

शिवाय पाण्याचे तपमान केवळ पोहणाऱ्यांच्या कामी येते असे नाही. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. उन्हाळ्याच्या शेवटी आटलेल्या तळ्यातील मासे पहाटेच्या वेळी पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात, त्यामागे हेही एक कारण असते. २००३ च्या तीव्र उन्हाळ्यात ऱ्हाइन नदीचे पाणी तापून थंड पाण्यात राहणारे मासे मोठ्या संख्येने मेले. नदी तापत आहे की नाही, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवाचून कोणालाही सांगता येत नाही. पोहणाऱ्यांसाठी ठेवलेली वही मत्स्यव्यावसायिकाला, आरोग्य सेवकाला आणि विज्ञानाच्या शिक्षकालाही उपयोगी पडते ती अशी.

आकडा म्हणजे परवानगी नव्हे

एक सावधगिरीचा शब्द येथे आवश्यक आहे. तापमापक पाण्याचे तपमान सांगतो. प्रवाह, खोली, खडक किंवा गाळ यांविषयी तो काहीही सांगत नाही. एप्रिल २००५ मध्ये मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात नर्मदाकाठी धाराजी येथे जत्रेसाठी भाविक जमले असता धरणातून सोडलेले पाणी अकस्मात चढले आणि अनेक भाविकांना प्राणास मुकावे लागले. त्या दिवशीच्या नर्मदेचे तपमान कितीही सुखद असते, तरी त्याने कोणाचा बचाव झाला नसता. म्हणून घाटावरील फळ्यावर नुसता तपमानाचा आकडा लिहू नये. त्याखाली नोंदीची वेळ, पाण्याची खोली, प्रवाहाची स्थिती आणि पाणी सोडण्याविषयी काही सूचना मिळाली असल्यास तीही लिहावी. ज्या ठिकाणी पोहण्यास बंदी आहे, तेथे ती बंदी हाच शेवटचा शब्द मानावा.

पोहणाऱ्यानेही काही पथ्ये पाळावीत. एकट्याने पाण्यात उतरू नये. उन्हातून किंवा श्रमातून आल्यावर थोडे थांबावे. मद्यपान करून पाण्यात उतरणे सर्वथा वर्ज्य समजावे. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता लवकर जाते आणि धोका ओळखण्याची शक्ती तर त्याहीपूर्वी जाते. अनोळखी पाण्यात सूर न मारता पायऱ्यांनी उतरावे, प्रथम हातपाय, मग तोंड व मान भिजवावी आणि श्वास स्थिर झाल्यावरच पुढे जावे.

यात नवे असे फारसे नाही. नदीत पाऊल टाकण्यापूर्वी खाली वाकून पाण्याला हात लावावा आणि तो हात डोळ्यांना लावावा, अशी आपल्याकडे पूर्वापार रीत आहे. त्या क्षणभरात माणूस थांबतो, वाकतो आणि पाण्याकडे नीट पाहतो. तापमापक आणि नोंदवही यांनी त्या पाहण्याला आकड्याची जोड मिळते. गावातील एका शिक्षकाने, एका पंचाने आणि दोन-चार विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर येत्या उन्हाळ्यापूर्वी ही वही सुरू होऊ शकेल, आणि काठावरून "पाणी कसं आहे?" असे कोणी विचारले, तर त्याला फळ्याकडे बोट दाखविता येईल.